आईचं माहेरचं आडनाव काय?



बचत गटाच्या बैठकीत माझ्या तोंडी सारखे हप्ता, व्याज आणि थकबाकी हेच शब्द असतात. आज रेडिओवर बोलायला मिळालंय, तर एक जुनी गोष्ट सांगते. गोष्ट पैशाचीच आहे, पण पावणेदोनशे वर्षांपूर्वीची, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरातली. परक्या देशात उतरलेल्या, हातात एकही सरकारी कागद नसलेल्या आणि ज्यांतल्या कितीतरी जणींना सहीसुद्धा येत नव्हती, अशा बायकांनी तिथे बँकेत पहिलं खातं कसं उघडलं, त्याची. बीएला माझा इतिहास विषय होता. तेव्हा लढाया आणि तह पाठ केले, सनावळ्या घोकल्या, पण बायकांनी आपले पैसे कुठे ठेवले हा प्रश्न कुठल्या पेपरात आला नाही.

सुरुवात आयर्लंडपासून करायला हवी. इंग्लंडच्या पलीकडचं हे बेट तेव्हा इंग्रजांच्याच अमलाखाली होतं. जमीन जमीनदारांची, कसणारी कुळं गरीब, आणि या कुळांचं पोट एकाच पिकावर चालायचं, बटाट्यावर. १८४५ साली बटाट्यावर रोग पडला. आपल्याकडे ढगाळ हवेत बटाट्यावर, टोमॅटोवर करपा येतो, पानं काळी पडतात आणि बघता बघता प्लॉट बसतो, तोच हा करपा. पुढची काही वर्षं तो पुन्हा पुन्हा आला. दहा लाखांच्या आसपास माणसं भुकेनं आणि तापाच्या साथींनी गेली. दहा लाखांहून जास्त माणसांनी देश सोडला. या सगळ्या काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य बाहेर जातच होतं. आपल्याकडे १८७६ च्या मोठ्या दुष्काळात गहू जहाजात चढत होता, तसंच.

देश सोडणाऱ्यांत बायका जवळपास निम्म्या होत्या. कितीतरी मुली लग्नाआधी, एकट्या निघाल्या. आधी थोरली जायची, वर्षा-दोन वर्षांत तिकिटाचे पैसे पाठवून धाकटीला बोलवायची, मग दोघी मिळून भावाला. आयर्लंडहून आधी इंग्लंडमधलं लिव्हरपूल बंदर, तिथून शिडाच्या जहाजानं पाच-सहा आठवडे समुद्र, आणि मग न्यूयॉर्क.

धक्क्यावर पाय ठेवला की पहिलं माणूस भेटायचं ते लुबाडणारं. त्यांना तिथे 'रनर' म्हणत. आपल्या एसटी स्टँडवर उतरल्या उतरल्या पिशवी ओढणारे असतात, तसे. फरक एवढाच की हे आयरिश बोलणारे, आपल्याच मुलखातले असायचे. "ताई, मी तुमच्या शेजारच्या गावचा" अशा थाटात सामान उचलायचं, ठरलेल्या खानावळीत नेऊन टाकायचं, दुप्पट भाडं लावायचं, भाडं दिलं नाही तर पेटी अडकवून ठेवायची. खोटी रेल्वे तिकिटं विकायची, पैसे बदलून देताना मधले खायचे. हा प्रकार इतका वाढला की १८५५ मध्ये न्यूयॉर्क राज्यानं कॅसल गार्डन नावाच्या जुन्या गोल इमारतीत उतारूंसाठी वेगळं ठाणं उघडलं आणि रनर लोकांना तिथे मज्जाव केला.

त्याच १८५५ सालची शिरगणती आहे. न्यूयॉर्क शहरात दर चार माणसांत एक जण आयर्लंडमध्ये जन्मलेला होता. आणि घरकाम करणाऱ्या दर चौघांत तिघं आयरिश, त्याही बहुतेक बायकाच. 'ब्रिजेट' हे आयर्लंडमधलं घरोघरचं नाव न्यूयॉर्कच्या बंगल्यांत मोलकरणीला हाक मारण्याचं नाव होऊन बसलं. तिचं खरं नाव काहीही असो.

आता पैशाकडे येते. या कामाला पगार महिन्याला पाच-सात डॉलर, पण राहणं आणि जेवण मालकाकडे. म्हणजे दिवसाला सोळा-सोळा तास राबणं आणि आठवड्याला अर्धा दिवस सुट्टी असली, तरी पगार बराचसा शिल्लक पडायचा. गिरणीत जाणारीला किंवा घरी शिवण करणारीला हे जमत नसे, तिचं सगळं भाड्यात आणि पावात जाई. तर मोलकरणीच्या हातात रोकड होती. ती ठेवायची कुठे? ती राहायची दुसऱ्याच्या घरात, माळ्यावरच्या नाहीतर तळघरातल्या खोलीत. दाराला कडी असेल-नसेल. पेटी उचकायला किती वेळ लागतो? आपण डाळीच्या डब्यात ठेवतो, तसा डबासुद्धा तिचा स्वतःचा नव्हता. मालकिणीकडे ठेवायला द्यावेत, तर नोकरी सोडताना मागायची पंचाईत. ओळखीच्या दुकानदाराकडे ठेवावेत, तर तो एक दिवस दुकान बंद करून पसार.

बँका होत्या, गरिबांच्या बचतीसाठीही काही होत्या. पण काउंटरपलीकडच्या माणसाला तुमच्या उच्चारातलं काही समजत नाही, तुमचा गाव कुठे आहे हे त्याला ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायची इच्छाही नाही, अशा जागी जाऊन आयुष्याची कमाई सोपवायची म्हणजे छातीच लागते. पहिल्यांदा बँकेत गेलेल्या बायका दारातल्या शिपायालाच साहेब म्हणतात, हे मी दर महिन्याला बघते.

न्यूयॉर्कमध्ये १८४१ पासून आयरिश लोकांची एक संस्था होती, आयरिश एमिग्रंट सोसायटी. आधी येऊन स्थिरावलेल्या व्यापाऱ्यांनी नव्यानं येणाऱ्यांसाठी काढलेली. तिथले कॅथलिक बिशप जॉन ह्यूज यांचं तिला पाठबळ होतं. नवख्या लोकांना सल्ला द्यायचा, गावाकडे पैसे पाठवायची सोय करायची, हे तिचं काम. या कामातूनच १८५० साली बँक निघाली. नाव लांबलचक आहे: एमिग्रंट इंडस्ट्रियल सेव्हिंग्ज बँक. सप्टेंबरच्या अखेरीस ५१, चेंबर्स स्ट्रीट या पत्त्यावर ती उघडली.

मला या बँकेत सगळ्यात रस वाटतो तो तिच्या एका वहीत. तिला ते 'टेस्ट बुक' म्हणत, म्हणजे पारख करण्याची वही.

अडचण अशी होती. खातं उघडताना पासबुक मिळायचं. पण पासबुक घेऊन जी बाई पैसे काढायला आली, ती तीच कशावरून? अनेकींना सही येत नव्हती, त्या सहीच्या जागी फुली मारायच्या. फुली कुणाचीही सारखीच. नावावरून ओळखावं, तर मेरी, ब्रिजेट, मार्गारेट, कॅथरीन या चार नावांत निम्म्या बायका बसायच्या, आडनावंही मर्फी, केली, सलिव्हन अशीच ठरावीक. आपल्या एखाद्या गावात आख्खी आळी एकाच आडनावाची असते, त्यातल्या तीन सुनीता एका गटात आल्या की माझं रजिस्टर जसं होतं, तसंच. फोटो नव्हता. अंगठ्याचा ठसा तेव्हा बँकेत कुणाच्या डोक्यातही नव्हता. (जाता जाता सांगते, ठसे घ्यायची कल्पना व्यवहारात आली ती आपल्या देशातून. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. पुढे ते पेन्शन आणि दस्तांपर्यंत गेलं. आज आपण ज्या यंत्रावर बोट ठेवतो, त्याची आजी बंगालची आहे.)

मग बँकेनं काय केलं? खातं उघडायला आलेल्या माणसाला कारकून विचारायचा आणि वहीत लिहून घ्यायचा. काम काय करता, राहता कुठे, जन्म कोणत्या सालचा. इथवर नेहमीचंच. पुढे खरी नोंद सुरू व्हायची. आयर्लंडमध्ये जिल्हा कोणता, त्यातलं गाव कोणतं. कोणत्या साली आलात, कोणत्या जहाजानं. आई-वडिलांची नावं, आहेत की गेले. आईचं माहेरचं आडनाव. भाऊ-बहिणी किती, त्यांची नावं, कोण अमेरिकेत, कोण तिकडे राहिलं. लग्न झालंय का, नवरा कुठे असतो, मुलं किती, त्यांची नावं. पैसे काढायला कुणी आलं आणि कारकुनाला शंका आली, की तो वही उघडून विचारायचा: "तुझा धाकटा भाऊ कुठे आहे? आईचं नाव काय? कोणत्या जहाजानं आलीस?" पासबुक चोरता येतं, फुली मारता येते. पण दुसऱ्या बाईच्या आईचं माहेरचं आडनाव आणि मेलेल्या भावाचं नाव एका दमात कोण सांगणार?

मला यात काय आवडतं ते सांगते. बँकेनं तिला जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं सगळ्या जगात तिच्याइतकी पक्की कुणालाच ठाऊक नव्हती. ती निरक्षर होती, पण या परीक्षेत नापास होणं शक्यच नव्हतं. बँकेलाही हे परवडलं, कारण तिचे लोक आयर्लंडचा नकाशा जाणून होते. केरी कुठे, गॉलवे कुठे, कोणत्या भागात कोणती आडनावं असतात, हे कळणाऱ्या माणसासमोर थाप मारणं अवघड असतं.

पण उगाच गोडवे गायचे नाहीत. या बँकेचे विश्वस्त श्रीमंत पुरुष होते. मोलकरणींनी साठवलेला पैसा शहरातल्या जमिनी-इमारतींच्या गहाणखतांवर आणि सरकारी रोख्यांत गेला, चर्च बांधायला गेला. न्यूयॉर्कचं प्रसिद्ध सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल उभारतानाही या बँकेचं कर्ज होतं. मोलकरणीला मात्र तिथे पैसे ठेवता यायचे, व्याज मिळायचं, आणि बस. तिला खानावळ टाकायला कुणी कर्ज दिलं नाही. गटात आपण आपल्याच पैशातून एकमेकींना कर्ज देतो, हे किती मोठं आहे ते अशा जुन्या गोष्टी वाचल्यावर कळतं.

शिवाय कायदा. तिथल्या जुन्या कायद्यात लग्न झालेल्या बाईचं जे काही असेल ते नवऱ्याचं. न्यूयॉर्क राज्यानं १८४८ मध्ये कायदा करून तिची स्वतःची मालमत्ता तिची मानली. पण तिनं कष्ट करून मिळवलेला पगार तिचा, हे कायद्यात यायला १८६० उजाडलं. म्हणजे बँक उघडली तेव्हा लग्न झालेल्या धुणेवालीची कमाई कायद्यानं नवऱ्याची होती. लग्नाआधी खातं उघडलेल्या मुलींच्या दृष्टीनं ते खातं काय असेल याचा विचार करा.

या खात्यांतला पैसा जायचा कुठे? बराचसा आयर्लंडला. ब्रिटिश सरकारच्या वसाहत आणि स्थलांतर खात्याकडे त्याची नोंद आहे. उत्तर अमेरिकेतून आयर्लंडकडे गेलेली रक्कम १८४८ साली सुमारे साडेचार लाख पौंड होती, ती १८५४ मध्ये सतरा लाख पौंडांच्या वर गेली. टपालानं, ओळखीच्या माणसाहाती गेलेले पैसे यात धरलेले नाहीत. कोकणात आणि साताऱ्याकडे घरं मनिऑर्डरीवर चालायची, तशी आयर्लंडमधली गावंच्या गावं या मुलींच्या पगारावर तगली. घराचं भाडं त्यांतून गेलं, आणि धाकट्या बहिणीचं तिकीटही त्यातूनच निघालं.

तरी शिल्लक राहायचीच. टायलर अँबिंडर या अमेरिकन इतिहासकारानं या बँकेच्या वह्या आणि न्यूयॉर्कमधल्या 'फाइव्ह पॉइंट्स' या अत्यंत बदनाम झोपडवस्तीची कागदपत्रं शेजारी ठेवून पाहिली. त्या वस्तीत केरी भागातून, लॅन्सडाउन नावाच्या जमीनदाराच्या इस्टेटीवरून आलेली कुळं मोठ्या संख्येनं होती. जमीनदारानं त्यांना तिकीट काढून देऊन अमेरिकेला पाठवलं होतं, कारण गावात ठेवून पोसण्यापेक्षा ते स्वस्त पडत होतं. अंगावर चिंध्या घेऊन उतरलेली ही माणसं. सगळ्यांनी त्यांना 'कायमचे भिकारी' ठरवलेलं. आणि दहा वर्षांच्या आत बँकेच्या वहीत त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या नावावर शंभर, दोनशे, काहींच्या नावावर त्याहून जास्त डॉलर. आठवड्याला एक-दीड डॉलर शिल्लक टाकणाऱ्या माणसाचे हे पैसे आहेत. (याच लॅन्सडाउन घराण्यातला पुढचा एक वारस १८८८ मध्ये आपल्याकडे व्हाइसरॉय म्हणून आला. उत्तराखंडातल्या लॅन्सडाउन गावाला त्याचंच नाव आहे.)

आता थोडी भीतीची गोष्ट. डिसेंबर १८५४ मध्ये आणि पुन्हा १८५७ च्या मंदीत न्यूयॉर्कमध्ये बँका बुडणार अशी आवई उठली. चेंबर्स स्ट्रीटवर रांगा लागल्या. कोण घाबरून खातं बंद करतंय आणि कोण शांत राहतंय? मॉर्गन केली आणि कॉर्मॅक ओ ग्रादा या दोन आयरिश अभ्यासकांनी दीडशे वर्षांनी ते शोधून काढलं. यातल्या ओ ग्रादांनी बंगालच्या दुष्काळावरही लिहिलं आहे. टेस्ट बुकात प्रत्येकाचं मूळ गाव आणि न्यूयॉर्कमधला पत्ता होताच. त्यांना दिसलं की घाबरणं आणि न घाबरणं हे दोन्ही गावकीनं ठरत होतं. आयर्लंडच्या एका भागातली आणि न्यूयॉर्कच्या एका गल्लीत राहणारी माणसं एकाच तऱ्हेनं वागली. वर्तमानपत्र वाचायला येत नसेल तर बातमी शेजारणीकडूनच कळणार. आणि शेजारीण म्हणजे गावाकडचीच. बँक दोन्ही वेळा तगली.

हे वाचून मला हसू आलं. मागे आमच्या भागात एका पतसंस्थेबद्दल कुजबुज सुरू झाली, तेव्हा एका वाडीतल्या सगळ्या बायका एकाच दिवशी पैसे काढायला गेल्या आणि ओढ्यापलीकडच्या वाडीतली एकही गेली नाही. ओढ्याला पाणी नव्हतं, त्यामुळे पुराचं कारण नाही.

पुढे आयरिश लोक तिथे रुळले आणि दुसरे आले. इटलीतून, पोलंडमधून, रशियातून. पुन्हा तेच. किराणा दुकानदार, गुत्तेवाले, बोटीचे एजंट लोक काउंटरमागे 'बँक' चालवायचे. भाषा आपली, पत्र लिहून द्यायचे, उधारीवर पीठ द्यायचे, आणि कधी तरी रात्रीत ठेवींसकट नाहीसे व्हायचे. १९११ मध्ये अमेरिकन टपाल खात्यानं बचत खाती सुरू केली, तेव्हा तिथे झुंबड उडाली ती परदेशातून आलेल्यांचीच. काही वर्षांत ठेवीदारांत निम्म्याहून जास्त तेच होते. आपल्या मायदेशी पोस्टात पैसे ठेवायची त्यांना सवय होती. बँकेच्या संगमरवरी जिन्यापेक्षा पोस्टाची खिडकी त्यांना बरी वाटली. आपल्याकडे पोस्टात बचत खाती १८८२ पासून आहेत, आणि आजही कितीतरी आज्ज्या "माझं पोस्टात आहे" असं सांगतात ते काही उगाच नाही. सॅन फ्रान्सिस्कोत इटालियन वस्तीत ए. पी. जियानिनी या भाजीपाल्याच्या व्यापाऱ्यानं १९०४ मध्ये बँक काढली. १९०६ च्या भूकंपानंतर त्यानं धक्क्यावर पिंपांवर फळी टाकून कर्ज वाटलं, ती आजची बँक ऑफ अमेरिका. तिची गोष्ट बरेच जण सांगतात, म्हणून मी लांबवत नाही.

टेस्ट बुकातला एक प्रश्न मात्र सगळीकडे पसरला. १९०६ मध्ये बाल्टिमोरच्या एका बँकवाल्यानं बँकांच्या सभेत सांगितलं की आमच्याकडे खातेदाराच्या सहीच्या कार्डावर जन्मगाव, पत्ता, धंदा, वय याच्या जोडीला आईचं माहेरचं आडनाव लिहून घेतात. तोच प्रश्न आज क्रेडिट कार्डाच्या फोनवर विचारतात. आपल्याला वाटतं हे संगणकाचं डोकं. ते डोकं शाई आणि टाकाच्या काळातलं आहे.

परदेशात गेलेल्या नवख्या माणसाची अडचण आजही मिटलेली नाही. आपल्या गावांतल्या मुली आता नवऱ्याबरोबर किंवा स्वतःच्या नोकरीवर लंडनला, जर्मनीला जातात. त्यांच्याकडे पासपोर्ट असतो, पदवी असते. तरी पहिल्या महिन्यात चक्रात सापडतात: खात्यासाठी पत्त्याचा पुरावा हवा, आणि भाड्याच्या घरासाठी बँकेचं खातं हवं. विजेचं बिल नवऱ्याच्या नावावर, म्हणून खातंही त्याच्या नावावर. ज्यांच्याकडे पासपोर्टही नाही, त्या निर्वासितांचं काय होत असेल? युरोपीय संघानं २०१४ मध्ये ठरवलं की कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येकाला, कायमचा पत्ता नसला आणि आश्रय मागणारा असला तरी, साधं खातं मिळण्याचा हक्क आहे. जर्मनीत तो कायदा २०१६ च्या जूनमध्ये लागू झाला, सीरियातून लाखो माणसं आल्यानंतर.

आणि आपल्याकडे? म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. चेतना सिन्हा ती अनेकदा सांगतात. बायकांनी बँक काढायला रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला, तो नाकारला गेला, कारण सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका सही शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि म्हणाल्या की आम्हाला रकमेवरचं व्याज तोंडी करायला सांगा आणि तुमच्या अधिकाऱ्यांना यंत्राशिवाय करायला सांगा, बघू कोण आधी सांगतं. १९९७ मध्ये बँक उभी राहिली. चेंबर्स स्ट्रीटच्या कारकुनासारखंच इथेही झालं. बाईला जे येतं तेच विचारा, असं बायकांनीच बँकेला सांगितलं.

एक नियम मात्र नीट लक्षात ठेवा, तो शाखेत आपणहून कुणी सांगत नाही. डिसेंबर २०१० पासून आपल्याकडे 'छोटं खातं' उघडता येतं. ओळखीचा कागद नसला तरी स्वतःचा फोटो द्यायचा आणि बँक अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करायचा. मर्यादा आहेत: शिल्लक ५० हजारांच्या वर नको, वर्षभरात जमा एक लाखाच्या वर नको, महिन्याला काढणं १० हजारांच्या आत. एक वर्ष चालतं. त्या वर्षात कागदासाठी अर्ज केल्याचं दाखवलं तर आणखी एक वर्ष. वीटभट्टीवर आलेल्या, लग्न होऊन शेजारच्या राज्यातून आलेल्या, आधारवर अजून वडिलांचं नाव असलेल्या बायकांसाठी हे कामाचं आहे.

माझ्या प्रभागातल्या एका गटात नेपाळहून आलेली एक बाई आहे, वॉचमनची बायको, पश्चिमेकडच्या अछाम जिल्ह्यातली. दोन घरी स्वयंपाक करते. तिला एका बँकेनं तीन वेळा परत पाठवलं. पहिल्या वेळी पत्त्यासाठी, दुसऱ्या वेळी नावाच्या स्पेलिंगसाठी, तिसऱ्या वेळी "उद्या या" म्हणून. तिचा पगार अजून नवऱ्याच्या खात्यात येतो. तो चांगला माणूस आहे, ती तक्रार करत नाही. पण गटातून कर्ज घेतलं तर ते तिच्या हातात कसं द्यायचं, हा प्रश्न आमच्यापुढे आहे. चौथ्यांदा मी तिच्याबरोबर जाणार आहे, सोमवारी, नियमाची छापील प्रत घेऊन.

चेंबर्स स्ट्रीटच्या त्या वह्या आता न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत. आयर्लंडहून आलेल्या आपल्या खापरपणजीचा शोध घेणारी माणसं त्या उघडतात. शिरगणतीत तिचं नाव चुकीचं लिहिलेलं असतं, मालकाच्या घरच्या कागदात ती नुसती 'ब्रिजेट' असते. बँकेच्या वहीत तिचं गाव सापडतं, जहाज सापडतं, आणि आईचं नाव सापडतं.

गेल्या महिन्यापासून आमच्या गटांच्या नोंदवहीत मी एक पान वाढवलंय. जन्मगाव, आई-वडिलांची नावं, भावंडं कुठे कुठे असतात, आईचं माहेरचं आडनाव. सरकारी नमुन्यात हे नाही, आपलं आपल्यासाठी. पहिल्या बैठकीत बायका हसल्या, मग एकेक सांगायला लागली आणि बैठक तासभर लांबली. अछामच्या ताईंनी गाव सांगितलं, पाच भावंडांची नावं सांगितली, कोण दिल्लीत, कोण कतारला, तेही सांगितलं. आईच्या माहेरच्या आडनावापाशी थांबल्या. "थांबा मॅडम, चुकीचं नको लिहायला," म्हणाल्या आणि तिथेच आईला फोन लावला. रेंज नीट नव्हती. त्या उठून दाराबाहेर गेल्या, आणि आम्ही सगळ्या पेन उघडं ठेवून बसलो.